बत्तीचे वय टाकीला विचारा!

दिवाळीची साफसफाई निघाली, की माळ्यावरच्या अडगळीतून एखादी जुनी गॅसबत्ती हमखास डोके वर काढते. एके काळी लग्नाची वरात, गणपतीचा मेळा, तमाशाचा फड आणि गावची जत्रा हिच्याच उजेडात न्हाऊन निघत असे. आज तिच्या नशिबी बहुधा दोनच गोष्टी असतात: भंगारवाल्याची गोणी, नाहीतर चिंच लावून केलेली लख्ख घासाघीस. पण वाचकहो, या दोन्हींत तिचा जन्मदाखला हरवतो. तेव्हा आधी तो वाचून घ्या!

मुळात ती गॅसबत्तीच आहे ना, हे पाहावे. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आपल्या ओळखीचा. पण त्यात वात असते. गॅसबत्तीत वात नाही. पंपाने टाकीत हवा भरली, की रॉकेल वर चढते, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते आणि त्या वाफेच्या ज्वाळेत मॅन्टल पांढरेशुभ्र तळपू लागते. हे मॅन्टल ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ साली शोधून काढले. वाफेवर जळणाऱ्या दिव्यांवर इंग्रज संशोधक आर्थर किटसन यांनी बरेच काम केले. म्हणूनच जुनी मंडळी ‘किटसन बत्ती’ म्हणत.

दुसरे नाव पेट्रोमॅक्स. बर्लिनच्या एहरिख आणि ग्रेट्झ या कारखान्याने ते दिले. त्यातला ‘मॅक्स’ म्हणजे मॅक्स ग्रेट्झ. पुढे गंमत अशी झाली, की चीनपासून पोर्तुगालपर्यंत त्याच धर्तीच्या बत्त्या निघाल्या, आपल्या देशातही निघाल्या, आणि लोक सरसकट सगळ्यांनाच पेट्रोमॅक्स म्हणू लागले. तेव्हा घरात चालत आलेल्या नावावर विसंबू नये.

काचेवर तर मुळीच विसंबू नये. काच फुटते, पंपाचा वॉशर झिजतो, मॅन्टल तर वरचेवर बदलावे लागते. काचेवर येना गावचा शिक्का असला, तरी तो काचेपुरताच खरा. बत्तीचा खरा देह म्हणजे टाकी. तिच्यावरची आणि बुडाची अक्षरे मऊ फडक्याने हलकेच पुसून भिंगातून वाचावीत.

‘डी. आर. पी.’ अशी अक्षरे दिसली, तर ते जुन्या जर्मन राज्याचे पेटंट. वस्तू साधारणपणे १९४५ पूर्वीची. ‘पश्चिम जर्मनी’ असे कोरलेले असेल, तर ती १९४९ ते १९९० या काळातली, कारण जर्मनीची दोन राज्ये तेवढ्याच काळात होती. इंग्रजी लष्कराच्या बत्तीवर रुंद बाणाची खूण आणि कित्येकदा सालही सापडते. अमेरिकेतल्या कोलमन कंपनीच्या अनेक बत्त्यांच्या बुडाशी महिना आणि वर्ष यांचे आकडेच ठोकलेले असतात.

देशी बत्तीवर आयएसआयचा शिक्का असेल, तर ती १९५२ च्या आधीची नव्हेच. तो शिक्का देण्याचा कायदाच त्या वर्षी झाला. मूळ खोके किंवा पावती जपलेली असेल, तर भाग्यच! किंमत आण्यांत असेल, तर खरेदी बहुधा १९५७ पूर्वीची. नव्या पैशांत असेल, तर त्यानंतरची. पत्त्यात पिनकोड छापलेला असेल, तर ते खोके १९७२ च्या ऑगस्टनंतरचे.

अशा दोन-तीन खुणा जुळल्या, म्हणजेच वय सांगावे. एकाच खुणेवरून ‘शंभर वर्षांची’ म्हणणारा विक्रेता भेटला, तर त्याला टाकी उलटी करून दाखवायला सांगा.

आता घासण्याविषयी. पितळी टाकीवर पुष्कळदा निकेलचा पातळ मुलामा असतो. राख, चिंच, तारेची घासणी यांनी मुलामा जातो आणि शिक्केही पुसट होतात. जुने मॅन्टल हाताळताना त्याची राख नाकात जाऊ देऊ नका. त्यात थोरियम हे किरणोत्सर्गी द्रव्य असू शकते. रॉकेलच्या बत्तीत पेट्रोल तर कधीही घालू नका.

शेवटी एक काम उरते. ही बत्ती कोणी घेतली, कोणाच्या वरातीत पेटली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना या दिवाळीतच विचारून एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी बत्तीला बांधून ठेवा. साल टाकी सांगेल. वरात कोणाची ते सांगणारे माणूस पुढच्या दिवाळीला असेलच असे नाही.