ओल्या भिंतीवरची रांगोळी

गणपती आठ-दहा दिवसांवर आले की आमच्या तळ्यात घरोघरी खराटे आणि काथ्या बाहेर निघतात. दोन-अडीच महिन्यांच्या पावसानं अंगणातले चिरे, विहिरीचा काठ, तुळशीवृंदावनाचं जोतं, मागल्या दारची पायरी, सगळं हिरवंगार झालेलं असतं. पाहुणे यायचे, पोरं धावायची, कुणाचा पाय सटकायला नको. म्हणून आपण बायका पदर खोचून ते सगळं ‘शेवाळ’ खरवडून काढतो. पायरीवरचं काढायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण तसंच हात चालवत भिंतीवरचं, विहिरीच्या आतल्या अंगाचं, कुंपणाच्या दगडावरचंही काढतो ना, तिथं जरा थांबा, एवढंच सांगायचं आहे.

कारण ते सगळं शेवाळ नसतंच मुळी. बुळबुळीत, बोटाला चिकटणारा थर असतो ते शेवाळ. मखमलीसारखी उभी, दाट लव असते ती हरिता, म्हणजे मॉस. आणि तिसरा प्रकार आपण कधी वेगळा ओळखतच नाही. दगडाला किंवा मातीला चपटी चिकटलेली, हिरव्या फितीसारखी, टोकाशी दोन-दोन फाटे फुटत जाणारी ही वनस्पती. हिला फूल नाही, बी नाही, खरं मूळही नाही. आपल्याकडच्या शास्त्रीय पुस्तकांत हिचं नाव ‘यकृतका’, इंग्रजीत लिव्हरवर्ट. इतक्या देखण्या वस्तूला इतकं दवाखानी नाव! त्यामागं युरोपातल्या जुन्या वैद्यांची एक समजूत आहे. वनस्पतीचा आकार ज्या अवयवासारखा, त्या अवयवाच्या दुखण्यावर ती गुणकारी, असं ते मानत. काही यकृतकांच्या पाळ्या त्यांना काळजाच्या पाळ्यांसारख्या दिसल्या, झालं! आकारावरून औषध ठरत नाही, हे आता सर्वमान्य आहे. आपल्या भागात काविळीवर झाडपाला द्यायची सवय फार, म्हणून मुद्दाम सांगते. नाव ऐकून कुणाला ही वाटून चाटवू नका. काविळीला डॉक्टरच गाठावा.

आता थोडं खाली वाकून पाहू. अंगणातल्या उघड्या ओल्या मातीवर रुपयाच्या नाण्याएवढी हिरवी चकती दिसली, तर ती बहुधा रिक्सिया. मध्यापासून फिती निघतात, प्रत्येकीचे दोन फाटे, त्या फाट्यांचे पुन्हा दोन. ठिपके न काढता जमिनीवर उमटलेली रांगोळीच ती. तिची बीजाणूंची गाठोडी बाहेर दिसतच नाहीत, फितीच्या अंगातच दडलेली असतात. पाऊस सरला, चकती सुकून कुजली, की बीजाणू त्याच मातीत पडतात आणि पुढल्या पावसाची वाट पाहतात.

शाळेच्या पुस्तकामुळे जिचं नाव मुलांना ठाऊक असतं ती मार्केंशिया. तिच्या अंगावर इवल्या वाट्या असतात. ओळीनं मांडलेल्या पणत्याच म्हणा ना. वाटीत तिळाहूनही लहान, चपट्या हिरव्या टिकल्या. पावसाचा थेंब नेमका वाटीत पडला की टिकल्या उडून आजूबाजूला पडतात आणि जिथं पडतील तिथं रोप धरतात. त्याशिवाय नराची छत्री वेगळी, मादीची वेगळी. नराची पसरट ताटलीसारखी, मादीची बोटं फाकल्यासारखी. पाण्याचा पातळ पापुद्रा असल्याखेरीज त्यांचं फलन होत नाही. पावसाशिवाय ह्यांचा संसार होत नाही, तो असा.

जगात यकृतकांच्या सुमारे ७ हजार जाती आहेत, भारतात नऊशेच्या आसपास. सगळ्याच फितीसारख्या नसतात. पुष्कळशा तर नाजूक पानांच्या असतात, झाडाच्या सालीवर बारीक वेणी घातल्यासारख्या. अर्जेंटिनात सापडलेले, यकृतकांशी नातं सांगणारे बीजाणू सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. पाण्यातून जमिनीवर आलेल्या पहिल्या वनस्पतींपैकी ह्यांचे पूर्वज असावेत, असं त्यावरून मानतात. आपण काथ्यानं घासतो तो वंश केवढा जुना, पाहा!

आणि आता माझी लाडकी, सायथोडियम. कोकणात नि सह्याद्रीत पावसाळ्यात ही उगवते ती अंधाऱ्या, ओलसर जागी. गुहेच्या तोंडाशी, दगडी भिंतीच्या सांदीत, कड्याच्या पोटात. इतकी पातळ की हाताला लागताच फाटेल. पण तिरक्या उजेडात पाहिली, तर पिवळसर हिरव्या तेजानं चकाकते. स्वतःचा प्रकाश नसतो तिला. आत येणारा थोडासा उजेडच ती अशी परतवते की आत दिवा लावलाय असं वाटावं. तळ्याहून मांदाडकडे जाताना कुड्याची लेणी लागतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची २६ बौद्ध लेणी. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये वैद्य आहे, फुलांच्या माळा करणारा माळी आहे आणि बायकाही आहेत. असल्या जागी गेलात की शिल्पं पाहून झाल्यावर दाराच्या बाजूची ओली सांदही पाहावी. हात मात्र लावू नये, शिल्पालाही आणि हिरवळीलाही.

आमच्या तळगडावरही पावसाळ्यात तटाला आणि टाक्यांच्या काठांना अशीच ओल धरते. शिवाजीमहाराजांनी हा गड १६४८ साली घेतला, आणि १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे १२ किल्ले त्यांच्याकडे राहिले त्यांत तो होता. हल्ली मुलं हौसेनं गडांची सफाई करतात, त्याचं कौतुकच आहे. पिंपळ-वडाची रोपं काढलीच पाहिजेत, त्यांची मुळं चिरे उचकटतात. पण यकृतकांना केसासारखे धागे तेवढे असतात, त्यांनी तट ढासळत नाही. तेव्हा सरसकट तारेचा ब्रश फिरवू नका, असं आपापल्या मुलांना सांगायला हरकत नाही. घरांचंही तेच. जोत्याला सिमेंट, अंगणाला फरशी, विहिरीला गुळगुळीत गिलावा झाला की रिक्सियाला मातीच उरत नाही. सोय आपल्यालाही हवीच, मी कुठं नाही म्हणते? पण परसातला एखादा कोपरा, जिथं कुणाचा पाय पडत नाही, तो तसाच ठेवायला काय लागतं?

चित्रकारांनी ह्यांच्याकडे पाहिलं का? थोड्यांनी. पुण्याजवळच्या दापोडीच्या बागेत डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराकडून फुलझाडांची सुंदर चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत. चित्रकाराचं नाव मात्र कुणी टिपून ठेवलं नाही. फुलाला निदान चित्रकार मिळाला. बिनफुलांच्या यकृतकांना आपल्याकडे चितारलं ते बहुतेक अभ्यासकांनीच. लाहोरचे प्राध्यापक शिवराम कश्यप यांनी १९२९ आणि १९३२ मध्ये पश्चिम हिमालयातल्या आणि पंजाबातल्या यकृतकांवर दोन भागांत ग्रंथ काढला, त्यातल्या रेखाकृती साध्या आणि नेमक्या आहेत. युरोपात अर्न्स्ट हेकेल यानं ‘निसर्गातील कलारूपे’ ह्या आपल्या चित्रसंग्रहात ८२ वं पान ह्यांनाच दिलं. पान मोठं देखणं आहे, पण मला ते जरा जास्तच सजवलेलं वाटतं, लग्नाच्या रुखवतासारखं. त्यापेक्षा विल्यम हूकर बरा. १८१२ ते १८१६ दरम्यान, ऐन तिशीच्या आसपास, त्यानं ब्रिटनमधल्या यकृतका स्वतः रंगवल्या. आधी खऱ्या मापाचं इवलंसं रोप, मग शेजारी तेच मोठं करून. खोटा दिमाख नाही.

तीच रीत घरी जमते. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. मातीसकट नखाएवढा तुकडा सुरीच्या टोकानं उचलून पांढऱ्या बशीत ठेवा, वर दोन थेंब पाणी. टोकदार पेन्सिलीनं आधी खऱ्या मापाचं चित्र, मग मोठं. शेजारी मापाची रेघ विसरायची नाही. सावली बोटानं घासून करू नका, ठिपक्यांनी करा. तयार हिरवा रंग फार भडक दिसतो. निळा-पिवळा मिसळून त्यात तांबड्याचा कण टाकावा. कडांना आणि खालच्या अंगाला पुष्कळदा जांभळट झाक असते, तीही दाखवा. नीट पाहिल्याशिवाय ती दिसत नाही.

चित्र झालं की तुकडा सावलीत सुकवून कागदाच्या पुडीत ठेवावा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. पुडीवर जागा आणि तारीख लिहा. ‘विहिरीचा उत्तरेकडचा काठ, श्रावण वद्य पंचमी’ असं लिहिलंत तरी चालेल, वर्ष तेवढं घाला. मार्गशीर्षात कधी पुडी उघडलीत तर काळपट, गुंडाळलेला चुरा दिसेल. टाकून देऊ नका. बशीत पाणी घालून त्यात सोडा. प्लॅजिओकाझ्मासारखी चिवट जात असली, तर गुंडाळलेली फीत तुमच्या डोळ्यांदेखत उलगडते.