जुन्या घरातील धुराडे काढताना

नागपूरची ओळख उन्हाळ्याची. तरी २०१८ च्या डिसेंबरात येथील पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले, सिव्हिल लाइन्समध्ये अधिकाऱ्यांचे बंगले उभे राहिले आणि विलायती सवयीप्रमाणे काही दिवाणखान्यांत शेकोटी व तिच्यावर विटांचे धुराडे आले. आज तेथे लाकडे जळत नाहीत. भिंतीतून दीड फूट पुढे आलेला तो भाग घरच्यांना अडगळ वाटतो आणि नूतनीकरणाच्या यादीत त्याचे नाव पहिले लागते.

अडचण अशी की, अडगळ वाटणारा हा भाग वरच्या बांधकामाचा पाया असतो. चार फूट रुंद, दीड फूट जाड आणि बारा फूट उंच असा वरचा भाग धरला, तर आतील पोकळी वजा जाताही सुमारे ६० घनफूट वीटकाम उरते. वीटकामाचे वजन घनमीटरला साधारण १९०० किलो. म्हणजे हा भार तीन टनांहून अधिक. खालचा भाग तोडला की एवढे वजन, बहुधा कोणाच्या तरी निजण्याच्या खोलीत, केवळ मागच्या भिंतीशी असलेल्या जोडावर लोंबकळत राहते. ते त्याच दिवशी कोसळत नाही, आणि खरा धोका तोच आहे. ‘काही होत नाही, साहेब’ हे कंत्राटदाराचे आश्वासन काही महिने खरेही ठरते. परंतु जुना चुन्याचा दर्जा ओलाव्याने उतरत जातो. शिवाय नागपूरच्या अनेक भागांतील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि घर दरवर्षी किंचित हलते. मग छताजवळ पहिली भेग दिसते.

सुरक्षित मार्ग दोनच. छपरावरचे धुराडे वापरात नसेल, तर ते वरून खाली, थराथराने, पूर्णच उतरवावे. छपराचे भोक बुजवून पाणी अडवावे. हे काम पावसाळ्यात काढू नये. वरचा भाग ठेवायचाच असेल, तर तो लोखंडी गर्डरवर घ्यावा लागतो. गर्डरचा आकार, त्याची टोके ज्या भिंतींवर टेकणार त्यांची ताकद आणि टोकांखालचे काँक्रीटचे ठोकळे हे सारे संरचना अभियंत्याने गणित करून ठरवायचे. इंग्लंडमध्ये भिंतीत बसवलेल्या लोखंडी कंसांवर असा भार पेलण्याची जुनी रीत आहे. तेथील अनेक स्थानिक संस्था आता ती सहजी मान्य करीत नाहीत.

तोडण्याआधी वरच्या भागाला टेकू देणे आवश्यक. गर्डर व वीटकाम यांमधील फट घट्ट भरून तो मसाला पुरता आवळेपर्यंत टेकू काढू नयेत. मजुरीचा एक दिवस वाचवण्याचा मोह येथेच होतो. चुन्यातील बांधकामावर ब्रेकर चालवू नये, हादऱ्याने शेजारचा जोडही सुटतो. छिन्नी-हातोड्याने एकेक वीट काढावी. काजळी मोठ्या प्रमाणात पडते, तेव्हा नाका-तोंडावर मास्क हवा. आत पारवे किंवा वटवाघळे राहत नाहीत ना, हे आधी पाहावे. अंडी-पिल्ले असतील तर ती उडून जाईपर्यंत काम थांबवावे. अर्धे धुराडे राहणार असेल, तर वर टोपी आणि खाली हवेसाठी जाळी ठेवावी, नाहीतर आत ओल साचून नव्या रंगावर डाग उमटतात.

घराच्या सांगाड्यातील असा बदल महानगरपालिकेला विचारल्याशिवाय करू नये. वारसा यादीतील बंगल्याला वारसा संवर्धन समितीचीही संमती लागू शकते, आणि भिंत सामाईक असेल तर शेजाऱ्यांना आधी कळवणे बरे. पुढे घर तारण ठेवताना वा विकताना मूल्यांकनकार नेमक्या याच जागी थांबतो. म्हणून अभियंत्याचा नकाशा, गणित आणि भिंत बंद होण्यापूर्वीची गर्डरची छायाचित्रे घराच्या मूळ कागदपत्रांसोबत ठेवावीत. गिलावा झाल्यावर तो गर्डर पुन्हा कोणाला दिसत नाही.