दोन कोकरांची मेंढी

दख्खनी मेंढीला एका वेताला एकच कोकरू होतं. जुळं क्वचित. फलटण, माण, खटाव, खंडाळा या कमी पावसाच्या पट्ट्यातल्या धनगरांचा संसार या एका कोकरावर उभा आहे. एके काळी लोकरीला मोल होतं, कारण घराघरात घोंगडी लागत होती. आता कातरणीची मजुरी सुटली तरी पुष्कळ झालं. रात्री शेतात मेंढरं बसवली की लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य नाहीतर रोख पैसे देतो, पण ती मिळकत हंगामापुरती. दूध कोकराच्या पोटाला पुरलं म्हणजे झालं. मग विकायला राहतं ते कोकरूच. ते तीन-चार महिन्यांचं झालं की व्यापारी वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या मुक्कामी, येऊन नेतो, नाहीतर मेंढपाळ लोणंदच्या बाजाराची वाट धरतो.

ही मिळकत वाढवायची तर सरळ वाटणारा रस्ता म्हणजे मेंढ्या वाढवणं. पण चरायला आहे कुठे? गायरानं आक्रसली, माळांवर प्लॉट पडले, धरणाचं पाणी आलं तिथे उसाची कुंपणं आली, वनखात्याची हद्द तर आधीपासूनच बंद. पन्नास मेंढ्यांच्या जागी शंभर ठेवल्या तर शंभरही अर्धपोटी राहतील. म्हणजे मेंढ्या तेवढ्याच ठेवून कोकरं वाढली पाहिजेत. फलटणच्या निंबकर अ‍ॅग्रिकल्चरल रिसर्च इन्स्टिट्यूटने, म्हणजे ‘नारी’ने, नव्वदच्या दशकात हा प्रश्न हाती घेतला. महाराष्ट्रातल्या ग्रामीण संशोधनात इतकी चिवट आणि इतकी कमी बोलली गेलेली दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

‘नारी’ ही १९६८ साली बनबिहारी निंबकरांनी सुरू केलेली खासगी, ना-नफा संस्था. करडई, ज्वारी, शेळ्या असं बरंच काम तिथे झालं. शेती स्वतः करणाऱ्या माणसाने उभी केलेली ही संस्था असल्यामुळे तिचे प्रश्न बांधावरून येत. मेंढीच्या कामात निंबकरांना बंगालमधल्या एका अगदी किरकोळ दिसणाऱ्या मेंढीची माहिती मिळाली. तिचं नाव गारोल.

सुंदरबनच्या खाऱ्या, दलदलीच्या मुलखात ही मेंढी राहते. चिखलात, पाण्यात उतरून चरते. अंगाने इतकी लहान की पूर्ण वाढलेली मादीही दख्खनी मेंढीच्या निम्म्यावर भरेल. पण तिला जुळी होतात, तिळी होतात, कधी त्याहूनही जास्त. तिथल्या भूमिहीन कुटुंबांनी दोन-चार मेंढ्यांवर पिढ्यान् पिढ्या गुजराण केली ती याच गुणावर.

या गुणाचा उगम शोधताना वाट बंगालमधून थेट ऑस्ट्रेलियात जाते. १७९२ आणि १७९३ साली कोलकात्याहून सिडनीकडे जाणाऱ्या जहाजांतून बंगाली मेंढ्या गेल्या होत्या. नव्या वसाहतीला मांस हवं होतं, म्हणून त्या नेल्या. पुढे त्या मेरिनोच्या कळपांत मिसळून दिसेनाशा झाल्या. दीडशे वर्षांनी न्यू साऊथ वेल्समधल्या कूमा गावाजवळच्या ‘बुरुला’ नावाच्या कुरणावर सीअर्स बंधूंच्या लक्षात आलं की आपल्या काही मेरिनो मेंढ्यांना भलतीच जास्त पिलं होतात. त्यांनी त्या मेंढ्या निवडून वेगळ्या राखल्या आणि १९५८ साली पाच भावंडांत जन्मलेला एक मेंढा ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेला भेट दिला. हेलन न्यूटन टर्नर या संख्याशास्त्रज्ञ बाईंनी तिथे त्या कळपाचा अभ्यास सुरू केला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की हा गुण अनेक जनुकांच्या बारीकसारीक बेरजेतून आलेला नाही, तो एकाच मोठ्या जनुकाचा परिणाम आहे. कुरणाच्या नावावरून त्याला ‘बुरुला जनुक’ म्हणू लागले. शास्त्रीय नाव फेक-बी.

जनुकाचा नेमका पत्ता २००१ साली लागला. तीन वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी तो शोधला. मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावर बीएमपीआर-वन-बी नावाचा एक जनुक आहे. त्याच्या लांबलचक मजकुरात एकच अक्षर बदललेलं असतं. त्या एका अक्षरामुळे त्यातून बनणाऱ्या प्रथिनात २४९व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन बसतं. परिणाम असा होतो की अंडाशयातले बीजकोश लहान आकारात असतानाच लवकर परिपक्व होतात आणि एका माजाला एकाऐवजी दोन किंवा अधिक बीजं सुटतात. २००२ साली निरनिराळ्या देशांतल्या बहुप्रसव मेंढ्यांच्या डीएनए तपासण्या प्रसिद्ध झाल्या, त्यात गारोलमध्ये अगदी हाच बदल सापडला. ऑस्ट्रेलियाच्या नावाने जगभर गाजलेला जनुक मुळात सुंदरबनच्या गरिबांच्या गोठ्यातला होता, याला आता रक्ताचा पुरावा मिळाला.

फलटणला हा गुण दख्खनीत उतरवायचा होता, पण गारोलचा आकार नको होता. गारोल मेंढा आणि दख्खनी मेंढी यांच्या संकरातून होणारं पिल्लू अर्धं गारोल, म्हणजे चणीने लहान. ते पुन्हा दख्खनीशी लावलं तर पुढच्या पिढीत गारोलचा वाटा पाव उरतो, त्यापुढे साडेबारा टक्के. असं करत जायचं, आकार परत मिळवायचा, फक्त प्रत्येक पिढीत तो एक जनुक हातातून निसटू द्यायचा नाही.

सगळी अडचण या शेवटच्या अटीत आहे. जनुकाची एक प्रत असलेला मेंढा दख्खनी मेंढीला लावला तर पिल्लांपैकी सरासरी निम्म्यांतच तो उतरतो. कोणत्या निम्म्यांत, हे बघून कळत नाही. मादीत कळायला ती विण्याची वाट पाहावी लागते, नाहीतर दुर्बिणीने अंडाशय तपासावं लागतं. नरात तर तो दिसतच नाही. मेंढ्यात हा जनुक असला तरी त्याचं फळ त्याच्या लेकी व्यायल्या तरच समजणार. म्हणजे एक मेंढा पारखायला दोन-तीन वर्षं, आणि कळप सुधारतो तो मेंढ्यावरून! २००१ नंतर ही कोंडी फुटली. रक्ताच्या थेंबावरून जनुक आहे की नाही, एक प्रत की दोन, हे सांगता येऊ लागलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, डॉ. विद्या गुप्ता यांच्या गटाकडे, या तपासण्यांचं काम झालं. ऑस्ट्रेलियाची सरकारी कृषी-संशोधन सहकार्य संस्था पैसा आणि माणसं घेऊन सोबत होती. आर्मिडेलचं न्यू इंग्लंड विद्यापीठ आणि मेलबर्न विद्यापीठ इथले शास्त्रज्ञ फलटणला येत-जात राहिले. काम उभं केलं ते ‘नारी’च्या डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यात पशुवैद्य होते आणि मेंढरांमागे आयुष्य काढलेली माणसंही.

अनेक पिढ्यांच्या या निवडीतून ‘नारी सुवर्णा’ नावाचा वाण आला. त्यात मोठा वाटा दख्खनीचा. सोबत कर्नाटकातल्या बन्नूर मेंढीचं मांसल अंग, इस्राएलच्या अवासी जातीचं दूध आणि गारोलचा तो जनुक. अवासीचं रक्त घेतलं ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दोन कोकरं जन्माला घालणं हे निम्मंच काम, त्यांना पाजायला आईच्या सडात दूध हवं.

जनुकाची एक प्रत असलेल्या मेंढ्यांची सरासरी दर वेताला दीड कोकराच्या आसपास जाते. म्हणजे बऱ्याच मेंढ्यांना जुळी, बाकीच्यांना एक. तिळी कमी. हा आकडा कुणाला थोडका वाटेल. फलटणच्या संशोधनाचं मोठेपण मात्र मला त्यातच दिसतं, कारण मेंढपाळाला तीन कोकरं नकोच असतात. तीन झाली तर एक मरतं, उरलेली दोन खुरटतात आणि आई खंगते. मेंढीकडे दोनच सड असतात. जनुकाच्या दोन प्रती असलेल्या मादीत तिळ्यांचा धोका वाढतो, म्हणून मेंढपाळाच्या कळपातल्या माद्यांमध्ये एकच प्रत असावी अशा बेताने मेंढे द्यायचे. पहिल्या खेपेला दोन प्रतींचा मेंढा दिला तर साध्या दख्खनी मेंढ्यांच्या सगळ्या लेकी एकेका प्रतीच्या होतात. पण पुढच्या पिढीत त्याच लेकींवर पुन्हा तसाच मेंढा सोडला तर निम्म्या नाती दोन प्रतींच्या निघतील. तेव्हा मेंढा बदलायचा. एवढा एक नियम पाळला तर कळप ताळ्यावर राहतो.

यापूर्वीही आपल्याकडे दख्खनी सुधारण्याचे प्रयत्न झाले होते. मेरिनो आणि राम्बुये जातींचे विलायती मेंढे आणून तलम लोकरीचे संकर सरकारी केंद्रांवर पैदा केले गेले. लोकर थोडी सुधारली, पण माळावरच्या धनगराला तलम लोकरीचं गिऱ्हाईकच नव्हतं, आणि ते संकर आपल्या उन्हात, आपल्या चालीत टिकेनात. तिथे उद्दिष्ट वरून ठरलेलं होतं. इथे सुरुवात झाली ती मेंढपाळाच्या खिशात पैसा कशातून येतो या प्रश्नापासून.

तरीही वाड्यावर गेलं की चित्र गुंतागुंतीचं होतं. दिवाळीनंतर हे वाडे पश्चिमेकडे सरकतात, काही घाट उतरून कोकणात जातात. बिऱ्हाड घोड्यावर. भांडी, वाघर, कोंबड्या आणि चालू न शकणारी कोकरं, सगळं त्याच घोड्याच्या पाठीवर. पुरुष माणूस दिवसभर मेंढरांमागे. वाड्यावर कोकरांचं पाहते ती बाई. आई चरून आली की प्रत्येक कोकरू तिच्या सडाला लावायचं, जुळ्यातलं आडदांड कोकरू मागे ओढून अशक्ताला पुढे करायचं, आईने एकाला नाकारलं तर तिला धरून पाजायचं, तेवढ्याने भागलं नाही तर कळपातल्या शेळीखाली लावायचं. जुळी वाढली म्हणजे हे सगळं वाढलं, आणि ते सगळं तिच्या वाट्याला आलं. चूल, पाणी, मुलं आणि उद्याचा मुक्काम सांभाळून. जुळं जन्मतः वजनाला कमी असतं, थंडीत लवकर गारठतं. त्यामुळे जन्मात मिळालेला फायदा विक्रीपर्यंत पूर्ण पोचत नाही, थोडा वाटेत गळतो. ती गळती थांबते ती या बाईच्या हातांमुळे. पशुसंवर्धनाची प्रशिक्षणं मात्र अजूनही बहुतेक पुरुषांना बोलावून होतात. ही चूक रोजच्या व्यवहारात कोकरांच्या मरतुकीच्या रूपाने मोजावी लागते.

म्हणूनच सगळ्या मेंढपाळांनी हा जनुक घ्यावा असं म्हणणं योग्य होणार नाही. लांबच्या वाटेवर जाणाऱ्या वाड्याला एकच धट्टंकट्टं कोकरू परवडतं. त्याने जुळ्यांना नाही म्हटलं तर त्यामागे हिशेब असतो, आणि तो ऐकून घ्यायला हवा. पण धनगरांमध्येही फिरणं थांबवलेली कुटुंबं वाढत आहेत. मुलांची शाळा आहे, म्हातारी माणसं आहेत, थोडी बागायत आहे. अशी कुटुंबं वीस-पंचवीस मेंढ्या गावातच राखतात, मका किंवा लसूणघास घालतात, गाभण मेंढीला शेवटच्या महिन्यात भरडा देऊ शकतात. ‘सुवर्णा’ खऱ्या अर्थाने त्यांची मेंढी आहे. तिच्या जोरावर विकायला वर्षाकाठी आठ-दहा कोकरं जास्त निघाली तर त्या घराचा उन्हाळा बदलतो.

फलटणच्या प्रकल्पाची दुसरी आस होती जंतांना दाद न देणारी मेंढी. पावसाळ्यात मेंढीच्या पोटात रक्त पिणारे जंत होतात आणि औषधांनाही ते हळूहळू दाद देईनासे होतात. दलदलीत वाढलेली गारोल या बाबतीत दख्खनीपेक्षा काटक निघाली. पण हा गुण एका जनुकाचा नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा हात त्यात असतो, त्यामुळे जुळ्यांच्या जनुकासारखा तो उचलून दुसऱ्या जातीत ठेवता येत नाही.

एका जनुकाचा मोठा फायदा असा की एकदा तो कळपात आला की त्याला दरवर्षी विकत घ्यावं लागत नाही. बियाणं, खत, औषध यांच्यामागे शेतकऱ्याला दर हंगामाला दुकानात जावं लागतं. हा गुण मात्र आईकडून लेकीकडे फुकट जातो. याच कारणाने तो सार्वजनिक पैशातून वाटण्यासारखा आहे. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय मेंढी संशोधन संस्थेनेही गारोल, मालपुरा आणि पाटणवाडी यांच्यातून ‘अविशान’ हा बहुप्रसव वाण तयार केला आहे. आपल्याकडे पुण्यश्लोक अहिल्यादेवी मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे, आणि राज्याच्या महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक मेंढानर असे गट अनुदानावर दिले जातात.

त्या गटातला एक मेंढा हाच खरा मोका आहे. वीस मेंढ्यांची पुढची सगळी पिढी त्या एका मेंढ्याची असते. बांधून खायला घालू शकणाऱ्या कुटुंबाला तो मेंढा तपासलेला द्यावा. किती प्रती आहेत हे त्याच्या कानाच्या बिल्ल्याबरोबर लिहून द्यावं. तीन वर्षांनी तो परत घेऊन बदलून देण्याची सोय करावी. रक्ताचे नमुने फलटण-पुण्याला पाठवावे लागू नयेत, जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत ही तपासणी व्हावी. आणि मेंढा सोपवण्याआधी त्या घरातल्या बाईला विचारावं, दोन कोकरं तिला सांभाळता येतील का. ती हो म्हणाली तरच मेंढा द्यावा.