पाणी हिरवं गेलं तर?

आमच्या गटातल्या एका ताईंच्या सुनेची पाणमोट घरीच फुटली. पाणी हिरवट होतं. कुणी म्हणे, सकाळी बघू. आम्ही 108 ला फोन लावला. दवाखान्यात बाळ झालं ते टाहो फोडतच. सिस्टरनं त्याला पुसलं आणि आईच्या पोटावर ठेवलं, बस्स. ताई चिडल्या, "बाळानं पोटात शी केली होती, नळी घालून घाण काढली का नाही?"

बैठकीत यावरून वाद झाला, म्हणून आरोग्य केंद्रात जाऊन विचारलं.

बाळाची पहिली शी काळपट हिरवी, चिकट असते. दिवस उलटून गेले किंवा कळांमध्ये बाळाला प्राणवायू कमी पडला, तर ती आतच होऊ शकते. शंभरातल्या दहा-पंधरा बाळंतपणांत असं होतं आणि बहुतेक बाळं ठणठणीत असतात. भीती ती शी श्वासाबरोबर फुप्फुसात जाण्याची.

पूर्वी डोकं बाहेर येताच नळीनं नाक-तोंड ओढून काढत. आमच्यातल्या थोरल्यांनी ते पाहिलंय. पण त्याचा फायदा दिसून आला नाही. उलट नळीनं घशाला इजा होऊ शकते, हृदयाचे ठोके मंदावू शकतात. म्हणून रडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या बाळाला नळी नको. त्याला कोरड्या कपड्यानं पुसायचं, ओलं फडकं काढून टाकायचं, आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून पांघरूण घालायचं. नाळेला चिमटा लावायची घाई नको. तासाभरात अंगावर पाजायचं. मध-गुटी काही नाही.

बाळ रडलंच नाही, लुळं पडलं, तर मात्र आधी तोंड, मग नाक साफ करतात, पुसतात, पाठ चोळतात. तरी श्वास नसेल तर तोंडा-नाकावर मास्क धरून फुग्यानं हवा देतात. हे सगळं पहिल्या मिनिटात व्हायला हवं. घरी उलटं धरून थापट्या मारण्यातच ते मिनिट जातं. म्हणून हिरवं पाणी दिसलं की कळा नसल्या तरी निघायचं.

रडलेल्या बाळावरही पहिला दिवसभर डोळा ठेवायचा. श्वास मिनिटाला साठच्या वर, छाती आत ओढली जाणं, कण्हणं, ओठ निळे, दूध न ओढणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच सिस्टरला हाक मारा. घरी आल्यावर दिसलं तर पुन्हा 108. आजारी नवजात बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार आणि गाडी मोफत आहे.

ताईंनी त्या रात्री फोनमधलं घड्याळ लावून नातवाचा श्वास तीनदा मोजला. सिस्टरवर विश्वास नव्हता म्हणून. तिन्ही वेळा पन्नासच्या आत भरला.