आउटबोर्ड गचके देतंय? आधी फुगा पाहा

इंजिन संथ असताना ठीक चालतं, पण थ्रॉटल वाढवताच गचके देऊन बंद पडतं? मग बहुधा त्याला पेट्रोल पुरत नाही. टाकीकडून येणाऱ्या नळीवरच्या रबरी फुग्यावरून, म्हणजे प्रायमर बल्बवरून, बरंचसं निदान होतं.

■ फुगा चपटा होतो : अडथळा टाकीच्या बाजूला आहे. सुट्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना, ते पाहा. तो बंद असेल तर पेट्रोल खेचलं जात नाही. मग टाकीतली जाळी आणि नळी तपासा.

■ दाबूनही कडक होत नाही : कुठून तरी हवा शिरतेय, किंवा फुग्यातला व्हॉल्व्ह गेलाय. क्लिपा आणि कनेक्टरची ओ-रिंग पाहा. फुग्यावरचा बाण इंजिनाकडेच हवा. दाबताना इंजिनाकडचं टोक वर धरा.

■ फुगा दाबत राहिलं की इंजिन सावरतं : नळ्या-जोड ठीक असतील, तर संशय फ्युएल पंपावर. त्याचा पातळ पडदा फाटलेला असू शकतो.

■ फिल्टरच्या तळाशी वेगळा थर : पाणी शिरलंय. ई-२० पेट्रोलमधलं इथेनॉल दमट हवेतलं पाणी शोषतं. ते प्रमाणाबाहेर गेलं की दोन्ही मिळून तळाशी बसतात. पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या बोटीतलं जुनं पेट्रोल काढूनच हंगाम सुरू करा.

सावधान : पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बोटीच्या तळाशी साचते. नळी सोडवण्याआधी इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीची वायर काढा आणि विडी-सिगारेट दूर ठेवा.