पगारातील बचतीचा हिस्सा: पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातील समजुती व वस्तुस्थिती

पगार हा एक आकडा असतो आणि बचत हा त्या आकड्याचा ठरावीक हिस्सा असतो, असे बचतीविषयीच्या बहुतेक सल्ल्यांत गृहीत धरलेले असते; पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात यातले पहिले गृहीतकच टिकत नाही. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, १९६२ मध्ये अस्तित्वात आलेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने भोसरी-चिंचवडच्या माळावर भूखंड पाडले, आणि पुढे वाहन उद्योग चाकण, म्हाळुंगे, निघोजेपर्यंत पसरला. या काळात एकाच यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसांच्या वेतनाचे स्वरूप मात्र परस्परांपासून दूर जात राहिले. ‘पर्मनंट’ कामगाराचे वेतन संघटनेने केलेल्या वेतनकराराने काही वर्षांपुरते बांधलेले असते, कंत्राटी कामगाराचे ठेकेदाराच्या कराराच्या मुदतीला टांगलेले असते, तर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली आलेल्या मुलाला वेतन नव्हे तर विद्यावेतन मिळते व त्यातून भविष्य निर्वाह निधीची कपातही होत नाही. या तिघांना बचतीची एकच टक्केवारी सांगणे म्हणजे तिघांना एकाच मापाचा बूट देण्यासारखे आहे.

तरीही ‘पगाराचे वीस टक्के वाचवावेत’ हे वाक्य नियम म्हणून सर्वत्र फिरते. त्याचे मूळ एलिझाबेथ वॉरेन आणि अमेलिया वॉरेन त्यागी या मायलेकींनी २००५ साली लिहिलेल्या एका अमेरिकी पुस्तकात आहे; करवजा उत्पन्नाचे ५० टक्के गरजांवर, ३० टक्के हौसेवर आणि २० टक्के बचत व कर्जफेडीकडे, अशी ती विभागणी आहे. ती अमेरिकी मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी मांडलेली होती. उत्पन्न जितके कमी तितका त्यातील अन्नावरील खर्चाचा वाटा जास्त, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगल याने १८५७ मध्येच दाखवून दिले होते, आणि अन्नाच्या जोडीला खोलीभाडे, गॅस व मुलांची फी आली की मोशी किंवा चिखलीत राहणाऱ्या चौघांच्या कुटुंबात गरजांचा वाटा पन्नास टक्क्यांवर थांबत नाही. अशा घराला वीस टक्के जमत नाहीत यात उधळपट्टीचा पुरावा शोधणे अन्यायाचे ठरते. उलट चौघे मिळून एका खोलीत ‘कॉट बेसिस’वर राहणाऱ्या आणि खानावळीचा डबा खाणाऱ्या अविवाहित तरुणाला वीस टक्के फारच थोडे असू शकतात.

दुसरा गैरसमज मोजणीचा आहे. बचत म्हणजे हातात आलेल्या पगारातून महिनाअखेर उरलेली रक्कम, असे समजले जाते आणि पगारपत्रकातील कपातीचा रकाना ‘गेलेले पैसे’ म्हणून वाचला जातो. एका कामगाराचे एकूण मासिक वेतन २४,००० रुपये असून त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये आहेत, असे धरले, तर त्याच्याकडून बारा टक्क्यांनी १,८०० रुपये भविष्य निर्वाह निधीत जातात, २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो आणि हातात २२,००० येतात. मालकही तितकेच १,८०० रुपये भरतो. मात्र त्यातील १,२५० रुपये निवृत्तिवेतन योजनेकडे वळतात आणि उरलेले ५५० कामगाराच्या निधीत जमा होतात. व्यवसाय कर हा खर्च आहे. पण निधीतील २,३५० रुपये ही बचतच आहे आणि ती एकूण वेतनाच्या सुमारे दहा टक्के भरते. म्हणजे ‘एक रुपया वाचत नाही’ असे म्हणणारा हा माणूस महिन्याला दहा टक्के वाचवत असतो, फक्त ते पैसे अडीअडचणीला पटकन हाती येणारे नसतात.

यावरून नेमका उलटा निष्कर्ष काढणारेही आहेत: निधी आहे, निवृत्तिवेतन आहे, ग्रॅच्युइटी आहे, मग वेगळी बचत कशाला? आकडे त्यांच्या बाजूने नाहीत. वरचे २,३५० रुपये तीस वर्षे न वाढता भरले गेले आणि २०२४-२५ चा ८.२५ टक्के व्याजदर शेवटपर्यंत टिकला, तर सुमारे ३५ लाख जमतात. परंतु महागाई वर्षाला पाच टक्के धरली तर तीस वर्षांनंतरच्या त्या ३५ लाखांची खरेदीशक्ती आजच्या आठ लाखांच्या आसपास भरते. निवृत्तिवेतन काढताना वेतनाची मर्यादा १५,००० रुपये धरली जाते, तिला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागतात, म्हणून चौदा वर्षांच्या सेवेला महिना ३,००० रुपये बसतात आणि ते महागाईबरोबर वाढत नाहीत. ग्रॅच्युइटी, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल मालकाने एकरकमी द्यायची रक्कम, सेवेच्या दर वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी असते. १५,००० रुपयांच्या शेवटच्या वेतनावर वीस वर्षांचे सुमारे १ लाख ७३ हजार होतात. या योजना म्हातारपणाचा पाया आहेत, घर नव्हे.

या पट्ट्यातील सर्वांत महाग गैरसमज मात्र ओव्हरटाइमविषयीचा आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने रूढ केलेल्या नियमानुसार जादा तासांना दुप्पट दराने वेतन मिळते, आणि वाहनांना मागणी असते तेव्हा ‘ओटी’ महिनोन्‌महिने चालते, त्यामुळे तो पगाराचाच भाग वाटू लागतो. वरच्याच उदाहरणात ओटी धरून हातात २८,००० येऊ लागले, घरखर्च २५,००० वर स्थिरावला आणि ३,००० शिल्लक पडू लागले, तर कुटुंबाला आपण दहा टक्क्यांहून अधिक वाचवतो असे प्रामाणिकपणे वाटते. ओटी बंद झाल्याच्या पहिल्या महिन्यात २२,००० येतात आणि ३,००० ची तूट पडते. म्हणजे निश्चित वेतनावर मोजले तर निधीतील कपात सोडता हे कुटुंब बचत करत नव्हतेच, ओटीवर जगत होते. भविष्य निर्वाह निधीची कपात ओव्हरटाइमवर होत नाही, ही बाब येथे मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी आहे, कारण ज्या पैशातून कायदा बचत करवून घेत नाही तोच पैसा सर्वांत बेभरवशाचा असतो.

हा बेभरवसा कल्पनेतला नाही. आकुर्डीतील बजाज ऑटोच्या कारखान्यातील उत्पादन सप्टेंबर २००७ मध्ये थांबले, २०१९ च्या मंदीत वाहनांची विक्री घसरली तेव्हा कारखाने काही काही दिवस पूर्ण बंद ठेवण्याचे, म्हणजे ‘ब्लॉक क्लोजर’चे, सत्र या भागाने अनुभवले, त्यातून सावरण्याआधीच मार्च २०२० ची टाळेबंदी आली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात शेजारच्या तळेगावातील जनरल मोटर्सचे उत्पादन बंद झाले. काम नसल्यामुळे तात्पुरते घरी बसवलेल्या कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळण्याची तरतूद कायद्यात आहे, पण तिच्यासाठी एक वर्षाची सलग सेवा लागते आणि बदली व नैमित्तिक कामगार तिच्या बाहेर राहतात. दर काही महिन्यांनी सेवेत ‘ब्रेक’ दिल्या जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही सलग सेवा सिद्ध होणेच अवघड असते.

म्हणून बचतीचा प्रश्न टक्केवारीपासून सुरू न करता महिन्यांपासून सुरू करणे अधिक शास्त्रशुद्ध ठरते. भाडे, किराणा, फी, औषधे, कर्जाचे हप्ते आणि गावी पाठवायचे पैसे असा टाळता न येणारा खर्च आधी काढावा आणि पगार पूर्ण थांबला तर तो किती महिने भागला पाहिजे, हे ठरवावे. या राखीव रकमेला मराठीत गंगाजळी हा चांगला शब्द आहे. वेतनकराराचे संरक्षण असलेल्याला तीन महिन्यांची आणि कंत्राटी कामगाराला सहा महिन्यांची गंगाजळी हा प्रस्तुत लेखाचा अंदाज आहे, कायद्याचा दंडक नव्हे. अटळ खर्च १६,००० असेल तर पहिल्याला ४८,००० लागतात, दुसऱ्याला ९६,०००. महिन्याला ४,००० बाजूला पडले तर पहिल्याचे वर्षात आटोपते आणि दुसऱ्याला दोन वर्षे लागतात. टक्केवारी या हिशेबातून बाहेर पडते. ज्याला जास्त वाचवायला हवे त्याच्याच हाती कमी येते, ही विसंगती कोणत्याही हिशेबाने सुटत नाही आणि तिचा दोष कामगाराच्या शिस्तीवर ढकलणे योग्य नाही.

ठेकेदार बदलला की पीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, काढून घ्यावा, नाहीतर तो बुडतो, हीदेखील चाकण परिसरात घट्ट रुजलेली समजूत आहे. २०१४ पासून प्रत्येक सदस्याला एकच सार्वत्रिक खाते क्रमांक मिळतो आणि ठेकेदार कितीही बदलले तरी जुनी खाती त्या क्रमांकाला जोडता येतात. खरे नुकसान काढण्यात होते, कारण निवृत्तिवेतनासाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते आणि निधीबरोबर निवृत्तिवेतन योजनेतील रक्कमही उचलली की आधीची सेवा पुसली जाऊन मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. चार ठेकेदारांकडे तीन-तीन वर्षे काम केलेला आणि प्रत्येक वेळी पैसे उचललेला कामगार बारा वर्षांनंतरही निवृत्तिवेतनाला अपात्र राहतो.

घराचा हप्ता म्हणजे बचतच, असे मानणाऱ्यांनी बँकेकडून मिळणारे परतफेडीचे वेळापत्रक पाहावे. २५ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे २१,७०० रुपये बसतो आणि पहिल्या महिन्यात त्यातले सुमारे १७,७०० व्याजापोटी जातात. मालमत्तेत रूपांतर होते ते जेमतेम ४,००० रुपयांचे, आणि बचत म्हणून तेवढेच धरता येतात. मराठवाड्यात, विदर्भात किंवा खानदेशात गावी पाठवलेल्या पैशांनाही हीच चिकित्सा लागू पडते. आईवडिलांच्या औषधांसाठी गेलेले पैसे हा कर्तव्याचा खर्च आहे. विहिरीसाठी वा घरासाठी गेलेले पैसे ही गुंतवणूक असू शकते, पण सातबारा वडिलांच्या नावावर असेल आणि जमीन महिनाभरात विकता येत नसेल, तर ती गंगाजळीत मोजता येत नाही.

कर्ज असतानाही थोडी का होईना बचत चालू ठेवावी, या सल्ल्यात अर्धेच तथ्य आहे. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला तीन ते साडेतीन टक्के व्याज चढते. आवर्ती ठेव, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरण्याची ठेव, वर्षाला सात टक्क्यांच्या आसपास देते. दुचाकीच्या कर्जातील ‘फ्लॅट’ दर तर मुळात दिशाभूल करणारा असतो: ६०,००० रुपयांवर दहा टक्के फ्लॅट दराने दोन वर्षांत १२,००० व्याज आणि ३,००० चा हप्ता होतो, पण मुद्दल दरमहा घटत असल्याने घटत्या शिलकीवरील खरा दर अठरा टक्क्यांच्या घरात जातो. एखाद्या महिन्याच्या खर्चाइतकी गंगाजळी राखून उरलेले सर्व आधी अशा कर्जाकडे वळवणे हीच येथे सर्वाधिक परतावा देणारी बचत ठरते.

बचत कोठे ठेवली यावरही तिची खरी रक्कम ठरते. पतसंस्था आणि सहकारी बँक एकच, असे अनेक जण मानतात. मात्र ठेव विम्याचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण सहकारी बँकांसह बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. पिंपरीतील सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२२ मध्ये रद्द केला तेव्हा ठेवीदारांना मर्यादेपर्यंतची रक्कम मिळण्याचा हक्क या विम्यामुळेच होता. कारखान्यातील कामगार पतपेढीत पगारातून परस्पर वर्गणी कापली जाते हा तिचा मोठा गुण, परंतु सगळी गंगाजळी तेथेच ठेवणे शहाणपणाचे नाही. भिशीविषयी इतकेच पुरे की ती ओळखीवर चालते आणि ओळखीला विमा नसतो.

मार्चमध्ये कर वाचवण्यासाठी घाईने गुंतवणूक करायलाच हवी, ही समजूत आता बहुतेक कामगारांपुरती निरर्थक झाली आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर कर लागत नाही आणि विमा हप्त्यासारख्या जुन्या वजावटी त्या प्रणालीत मिळतही नाहीत.

राहिला वयाचा प्रश्न. फ्रँको मोदिग्लियानी या १९८५ च्या नोबेल विजेत्या अर्थशास्त्रज्ञाच्या जीवनचक्र सिद्धांतानुसार माणूस तरुणपणी कमी, मध्यमवयात जास्त वाचवतो आणि उतारवयात साठवलेले खर्च करतो. तेव्हा ‘आता ट्रेनी आहे, पुढे पगार वाढला की बघू’ या वाक्याला शास्त्राधार आहे असे वाटू शकते. पण त्या सिद्धांतात वयाबरोबर वेतन चढत जाणे गृहीत आहे. पर्मनंट कामगाराच्या बाबतीत ते खरे ठरते, आणि करार होऊन वाढीव वेतन व फरकाची रक्कम मिळते तो महिना बचतीचा हिस्सा वाढवण्यास सर्वांत योग्य असतो, कारण वाढीव पैशाची घराला अजून सवय लागलेली नसते. कंत्राटी कामगाराचे वेतन मात्र चाळिशीतही विशीतल्या सहकाऱ्याइतकेच राहू शकते, तर खर्च संसाराबरोबर वाढत जातो. त्याच्यासाठी लग्नापूर्वीची कॉट बेसिसची चार-पाच वर्षे हाच बचतीचा उत्तम काळ होय.

मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत देणे वेतन संहितेने बंधनकारक केले आहे. आवर्ती ठेवीची रक्कम खात्यातून परस्पर वळती होण्यासाठी बँकेला आठ तारीख द्यावी, अठ्ठावीस देऊ नये.