वेळापत्रकातला हाताचा तास

रोज साडेपाच तासांची शाळा. त्यातले ३ तास २० मिनिटे हस्तोद्योगाला. मातृभाषेला ४० मिनिटे. संगीत, चित्रकला आणि गणित या तिघांना मिळून ४०. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान यांना अर्धा तास. व्यायामाला १० मिनिटे आणि मधल्या सुट्टीला १०. हे वेळापत्रक कुठल्या उद्योगशाळेचे नाही. डिसेंबर १९३७ मध्ये डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने देशातल्या सात ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीसाठी ते सुचवले होते. विनोबा, काकासाहेब कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा अशी मंडळी त्या समितीत होती.

आता आजची दहावीची गुणपत्रिका पाहा. एकूण गुण ६००. तीन भाषांचे ३००, गणिताचे १००, विज्ञान-तंत्रज्ञानाचे १००, सामाजिक शास्त्रांचे १००. त्याखाली शारीरिक शिक्षण, जलसुरक्षा, स्व-विकास व कलारसास्वाद यांच्या श्रेणी. या श्रेणींवर अकरावीचा प्रवेश अडत नाही, म्हणून घरी त्यांची चौकशीही होत नाही.

साडेपाचातल्या तीन तासांवरून हाताचे काम श्रेणीच्या रकान्यापर्यंत कसे आले? कुणी ठरवून त्याची हकालपट्टी केली असती तर शोध सोपा होता. पण हाताने काम करायला शिकवू नये, असे गेल्या दीडशे वर्षांत कुठल्या आयोगाने म्हटलेले नाही. उलट दर पिढीत या विषयाला वाजतगाजत आत आणले गेले. त्यानंतर काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

लेखणीचा धंदा

शाळेला धंदेशिक्षणाचे वावडे होते, असा एक समज आहे. तो खरा नाही. पंतोजीच्या शाळेत धूळपाटीवर अक्षरे गिरवून झाली की मोडी वळण, उजळणी आणि मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. हे सगळे धंद्याचेच शिक्षण होते. पेढीवर आकडेमोड करणाऱ्या आणि दप्तर लिहिणाऱ्या मुलाला नेमके हेच लागे. फक्त धंदा लेखणीचा होता. सुतार, कुंभार, शेतकरी आपापल्या मुलांना घरीच तयार करत; त्यांचे ज्ञान शाळेत येत नसे आणि बहुतेकदा त्यांची मुलेही येत नसत.

इंग्रजी अमदानीत पुस्तके बदलली. १८२० नंतरच्या दशकात एल्फिन्स्टनच्या पाठिंब्याने मुंबईत शाळापुस्तक मंडळी उभी राहिली, कॅप्टन जॉर्ज जर्विस यांनी गणिताची पुस्तके मराठीत आणली, भूगोल-इतिहास-व्याकरण हे नवे विषय आले. धंदा मात्र तोच राहिला. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ पासून मॅट्रिकची परीक्षा सुरू झाली. सरकारी नोकरी आणि कॉलेज यांचे दार त्या परीक्षेतून उघडू लागले, तेव्हा खालच्या सगळ्या इयत्ता तिच्या दिशेने वळल्या. पुढच्या प्रत्येक सुधारकाची गाठ या परीक्षेशी पडणार होती.

नांगर धरणारा मास्तर

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे पुण्यातून जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यातली मागणी सर्वांना ठाऊक आहे. त्याच निवेदनात विषयांची यादीही आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, भूगोल, व्याकरण, आरोग्य आणि नीतीचे थोडे पाठ, आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान. शाळेला जोडून छोटी नमुना-शेती असावी, तिथे मुलांना प्रत्यक्ष धडे मिळावेत, असेही जोतीरावांनी सुचवले.

मला या निवेदनातला शिक्षकांविषयीचा मुद्दा सर्वात दूरदृष्टीचा वाटतो. प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी सहज हाती धरू शकणारे असावेत, ही त्यांची अपेक्षा. शेतीचा धडा क्रमिक पुस्तकात घालणे सोपे आहे. ज्याला नांगर धरता येतो त्याला खुर्चीवर बसवून मास्तर म्हणणे अवघड आहे, कारण तिथे प्रश्न प्रतिष्ठेचा येतो. हाताच्या कामाला शाळेत जागा नव्हती, कारण ते काम करणाऱ्या जातींना तिथे जागा नव्हती. जोतीरावांना ही दोन दारे एकाच वेळी उघडायची होती.

हंटर आयोगाने माध्यमिक शाळेत दोन वाटा सुचवल्या: एक विद्यापीठाकडे नेणारी, दुसरी व्यापार-उद्योगाकडे. दुसऱ्या वाटेवर फारसे कुणी गेले नाही. पहिलीच्या टोकाला मॅट्रिकचे प्रमाणपत्र होते. दुसरीच्या टोकाला काय आहे, हे पालकांना कुणी सांगू शकत नव्हते.

तळेगाव आणि वर्धा

१९०६ च्या कलकत्ता काँग्रेसने स्वराज्य, स्वदेशी आणि बहिष्काराबरोबर राष्ट्रीय शिक्षणाचा ठराव केला. महाराष्ट्रात त्याला आकार दिला प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांच्या समर्थ विद्यालयाने. तळेगाव दाभाड्याला स्थिरावलेल्या या शाळेत मातृभाषेतून शिक्षण आणि उद्योगाचे शिक्षण हातात हात घालून चालावे, अशी कल्पना होती. सरकारी अनुदान नको, सरकारी परीक्षाही नको. परीक्षेच्या बाहेर उभे राहून तिला उत्तर देण्याचा हा प्रयत्न. १९१० मध्ये सरकारने विद्यालयच बंद केले, त्यामुळे तो किती काळ टिकला असता ते पाहायची संधी मिळाली नाही.

पुढची पायरी वर्ध्याची. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी. मुलांच्या हातून निघालेल्या मालातून शिक्षकाचा पगार भागावा, हा त्यांचा आग्रह सर्वात वादग्रस्त ठरला. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी परिषदेतच हरकत घेतली: अशाने मुले राबवली जातील आणि त्यांचा स्वस्त माल गावच्या कारागिराच्या पोटावर पाय देईल. विशेष म्हणजे लगेच नेमलेल्या झाकिर हुसेन समितीत शहांनाही घेतले गेले.

पगाराच्या वादात योजनेचा गाभा झाकला गेला. गांधीजींना सूतकताई हा एक जादा विषय म्हणून नको होता; बाकीचे विषय तिच्यातून शिकवायचे होते. सुताचा नंबर म्हणजे एक पौंड वजनात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. टकळीवर कातलेले सूत मोजून, तोलून तो काढायचा तर गुणाकार, भागाकार, सरासरी आपोआप येतात. कापूस कुठल्या मातीत पिकतो हा भूगोल, आणि गावातले माग का थांबले हा इतिहास. अशा शाळेत हस्तोद्योगाचे तीन तास गणिताच्या तासातून कापलेले नसतात. गणित त्यातच असते.

हे चालवायला शिक्षकाला कातणे आणि शिकवणे दोन्ही उत्तम यावे लागते. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम यांनी असे शिक्षक घडवले. इतरत्र, मुंबई इलाख्यात खेर मंत्रिमंडळाने योजना उचलली तरी १९३९ मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे राजीनामा देऊन बाहेर पडली. स्वातंत्र्यानंतर या योजनेवर चालणाऱ्या मूलोद्योगी शाळांची संख्या वाढली, पण त्या मुख्यतः खेड्यांत होत्या. शहरातल्या नामांकित शाळांनी टकळी हाती घेतली नाही. खेड्यातला पालक हे पाहत होता. साहेबांची मुले इंग्रजी शिकणार आणि आमची सूत कातणार, एवढाच अर्थ त्याला दिसला. ज्या घरांनी पिढ्यान्पिढ्या राबण्याचे काम केले, त्यांच्या लेखी शाळा ही त्यातून सुटण्याची वाट होती. तिथेही तेच काम समोर आले तर त्यांचे मन विटणे स्वाभाविक होते. जोतीरावांनी जोडलेली दोन दारे इथे सुटी झाली: काम आत आले, प्रतिष्ठा बाहेर राहिली.

आठवड्याचे दोन तास

१९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाने काम केले. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर भागातले. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी ग्रामीण शिक्षणाचे प्रयोग केलेले. आयोगाने प्रत्येक टप्प्यावर कार्यानुभव असावा, अशी शिफारस केली. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याचे समाजोपयोगी उत्पादक कार्य केले. दरम्यान महाराष्ट्रात अकरावीची एस.एस.सी. जाऊन दहावीची आली. कागदावर सगळे नीट होते.

प्रत्यक्षात काय झाले, ते ज्या वाचकांनी खडूच्या पुड्या, मेणबत्त्या, आकाशकंदील आणि काडेपेट्यांची घरे केली आहेत त्यांना सांगायला नको. आठवड्याचे दोन तास, शिक्षक ज्याचे तास कमी भरतात तो, साहित्य घरून आणायचे, आणि सत्राच्या शेवटी मांडलेली वस्तू बऱ्याच वेळा आईने केलेली. परीक्षा जवळ आली की ते तासही गणिताला. या वस्तूंची कुणालाच गरज नव्हती. खडू लिहिताना मोडला तरी चालत होते, कारण त्याने कुणी लिहिणार नव्हते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही हीच पायरी कायम ठेवली. सहावी ते आठवीच्या शाळेत शंभराहून जास्त पट असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना शिक्षक हवेत, असे कायदा म्हणतो, पण अंशकालीन. भाषा, गणित, विज्ञानाला पूर्ण वेळचे मास्तर आणि हाताला अर्ध्या वेळचे, हे मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

टिकलेले विषय

तरीही हाताचे काही विषय तगले. चित्रकलेचे उदाहरण घ्या. शाळेच्या वेळापत्रकात तिचा तास कधी असतो, कधी नसतो. पण कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा वर्षानुवर्षे चालू आहेत. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन यांचे कागद शाळेबाहेरचा परीक्षक तपासतो. अलीकडे इंटरमिजिएटच्या अ, ब, क श्रेणीला दहावीत अनुक्रमे ७, ५ आणि ३ वाढीव गुण मिळतात. गुणांसाठी बसणारे वाढले, अशी कुरकुर चित्रकला शिक्षक करतात. पण विषय शाळेच्या मर्जीवर राहिला नाही, हेही खरे.

दुसरे उदाहरण 'टेक्निकल'चे. आठवीपासून तांत्रिक विद्यालयात जाऊन फाइलिंग, सुतारकाम, वायरिंग शिकणारी मुले एखाद्या नेहमीच्या विषयाऐवजी तो विषय दहावीला देत, आणि त्यांना पुढे पॉलिटेक्निक किंवा आयटीआय दिसत असे. इथे दुसऱ्या वाटेच्या टोकाला काहीतरी होते.

पाबळचा ग्राहक

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातले पाबळ हे कमी पावसाचे गाव. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग तिथे राहायला आले. इलिनॉय विद्यापीठाची पीएच.डी., हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातला अनुभव. जे. पी. नाईकांनी स्थापन केलेल्या भारतीय शिक्षण संस्थेच्या आधाराने त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास ठरलेली मुले हाताने काम करताना विज्ञान शिकू शकतात, हे त्यांना दाखवायचे होते.

आश्रमाने गावच्या हायस्कूलसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तयार केला आणि एस.एस.सी. बोर्डाने त्याला विषय म्हणून मान्यता दिली. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक पूर्ण दिवस. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे चार भाग. प्रत्येक मुलगा आणि प्रत्येक मुलगी चारही करणार. मुली वेल्डिंग करतात, मुलगे स्वयंपाक आणि हिमोग्लोबिनची तपासणी. शिकवणारे बरेचदा गावातलेच कारागीर. सुताराची तासणी धरणारा मास्तर इथे प्रत्यक्ष दिसतो.

कलबागांनी वर्ध्याच्या योजनेतली अडचण वेगळ्या रीतीने सोडवली. मुलांनी माल करून बाजारात विकायचा नाही. गावाला लागणारी सेवा द्यायची. शेताची माती तपासून द्यायची, शाळेचे बाक दुरुस्त करायचे, फेरोसिमेंटची टाकी बांधायची. आधी चित्र काढायचे, साहित्याचा अंदाज घ्यायचा, खर्चाचे कॉस्टिंग करायचे, मग काम. टाकी गळली तर ज्याची टाकी तो शेतकरी बोलावून घेतो आणि मुलांना ती पुन्हा करावी लागते. काडेपेटीच्या घरात असे कधी घडत नव्हते. कामाची वाट पाहणारा आणि ते नाकारू शकणारा माणूस आला, की प्रमाण आणि मोजमाप यांना अर्थ येतो. सिमेंट-वाळूचे प्रमाण चुकले तर तो गुणोत्तराचाच धडा असतो.

दप्तराविना दहा दिवस

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीत केव्हातरी दहा दिवस दप्तराविना ठेवून मुलांना सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे शिकायला पाठवावे, असे म्हटले आहे. महाराष्ट्रात आनंददायी शनिवारही आला. सूचना चांगल्या आहेत. पण या विषयाचा इतिहास पाहता फक्त उत्साहावर विसंबता येणार नाही.

फुले, विजापूरकर, गांधीजी, कोठारी, कलबाग यांची कारणे निरनिराळी होती: शेतकऱ्याचा हक्क, स्वदेशी, अहिंसक समाज, उत्पादन, विज्ञान. अनुभव मात्र सारखा. विषय टिकला तो शाळेबाहेर त्याची कुणाला तरी गरज होती तिथे, मग तो रेखाकलेचा परीक्षक असो, पॉलिटेक्निक असो की गळक्या टाकीचा मालक. जिथे गरज नव्हती तिथे तो मेणबत्त्यांवर थांबला.

म्हणून पुढचा जी.आर. निघेल तेव्हा तीन गोष्टी विचारायला हव्यात. मुलांनी केलेले काम कुणी वापरणार का आणि ते वाईट निघाले तर कुणी परत पाठवणार का? कुंभार-सुताराला त्या दिवसाचे मानधन आणि हजेरीपटावर शिक्षक म्हणून नाव मिळणार का? आणि हा तास पुण्या-मुंबईच्या महागड्या शाळांतही तितकाच सक्तीचा असेल का? तिन्हींची उत्तरे 'हो' आली, तर विषयाला गुण द्यावेत की श्रेणी हा वाद बिनमहत्त्वाचा ठरेल. एकाचे जरी 'नाही' आले, तर खडूच्या पुड्यांची सोय आधीच करून ठेवावी.